फूटर तर बदललं, मग जुना पत्ता येतोय कुठून?

प्रश्न : दादा नमस्कार. आमचं चिवडा-फरसाणचं दुकान आहे, आधी मेन रोडला होतं, जूनमध्ये इंदिरानगरला आणलं. गिऱ्हाइकांना दर पंधरा दिवसांनी मेल जातो तो मीच बनवते. खालची पट्टी म्हणजे फूटर, त्यात लोगो, पत्ता, फोन, दुकानाची वेळ, हे सगळं एडिटरमध्ये ब्लॉक म्हणून सेव्ह करून ठेवलंय आणि दर वेळी ओढून टाकते. दुकान हललं तसा सेव्ह केलेल्या ब्लॉकमध्ये नवा पत्ता टाकला. नव्या मेलमध्ये तो बरोबर येतो, पण जुना मेल कॉपी करून राखीचा बनवला त्यात जुनाच गेला, आणि नवीन गिऱ्हाइकाला आपोआप जाणाऱ्या वेलकम मेलमध्येही जुनाच! परवा एक काका सातपूरहून थेट मेन रोडला जाऊन आले आणि फोनवर मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझं चुकलं का एडिटरचं?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, घोळ 'सेव्ह' या शब्दाचा आहे. एडिटरमध्ये सेव्ह केलेला ब्लॉक दोन जातीचा असतो आणि दिसायला दोन्ही सेम. एक म्हणजे सोसायटीचा फळा, खाली एकदा पुसून लिहिलं की जो कोणी जिन्यातून जाईल त्याला नवीनच दिसणार. दुसरा म्हणजे झेरॉक्स, घरोघर वाटून झाली की तुम्ही मूळ कागदावर काहीही खाडाखोड करा, शेजारच्या काकूंच्या फ्रीजवर चिकटवलेल्या कागदाला त्याचा पत्ताच नाही. तुमचा ब्लॉक झेरॉक्सवाला दिसतोय, ओढून टाकला त्या क्षणी त्याची नाळ तुटली. म्हणून नवीन मेल बरोबर, आणि जुन्यावरून कॉपी केलेला चुकीचा, कारण कॉपी करताना तुम्ही झेरॉक्सचीच झेरॉक्स काढली.

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या टूलमध्ये, हा फरक आता नावातच आहे. आधी 'रियुजेबल ब्लॉक' म्हणायचे, ऑगस्ट २०२३ मध्ये ६.३ व्हर्जन आलं तेव्हापासून 'पॅटर्न' म्हणतात आणि बनवतानाच विचारतात की सिंक पाहिजे का नको, म्हणजे एका जागी बदललं की सगळीकडे बदलायचं का. सिंकवाला निवडला की जांभळ्या रंगात दिसतो. मेल पाठवायच्या टूल्सपैकी क्लाव्हियोमध्ये फळ्यावाल्या जातीला 'युनिव्हर्सल' म्हणतात, हबस्पॉटमध्ये 'ग्लोबल'. तुमच्याकडे कुठलं टूल आहे ते लिहिलं नाहीत, पण नावावर जाऊच नका, टेस्ट करा. एक जुना ड्राफ्ट उघडून ठेवा, मूळ ब्लॉकमध्ये दुकानाच्या वेळेपुढे एक टिंब जास्तीचं द्या, सेव्ह करा, ड्राफ्ट रिफ्रेश करा. टिंब आलं तर फळा, नाही आलं तर झेरॉक्स. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते टिंब परत काढायला विसरू नका, मी विसरलोय.

आता दुरुस्ती. सिंकवाला फूटर नव्याने बनवा आणि मग चालू असलेल्या प्रत्येक मेलमधली जुनी पट्टी उडवून हा टाका. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक – वेलकम, वाढदिवस, ऑर्डर मिळाली, कार्टमध्ये माल ठेवून निघून गेलेल्यांना आठवण. हे आपोआप जाणारे मेल आपण दोन वर्षांपूर्वी बनवतो आणि नंतर कोणी ढुंकून बघत नाही, गिऱ्हाईक मात्र रोज बघतं. काही टूल्समध्ये ब्लॉक बदलला तरी चालू ऑटोमेशन पुन्हा पब्लिश करावं लागतं, तेव्हा बदल केल्यावर स्वतःच्याच दुसऱ्या आयडीने नाव नोंदवा आणि वेलकम मेल मोबाईलवर उघडून बघा. २०२७ ला आपल्या नाशकात सिंहस्थ आहे, तेव्हा बाहेरगावची मंडळी मेलमधल्या पत्त्यावर भरवसा ठेवूनच रिक्षात बसणार.

आणि जे मेल गेले ते गेले. पेटीत टाकलेलं पत्र परत निघत नाही तसं, पाठवताना त्या वेळचा मजकूर मेलमध्ये भरूनच जातो, फळा असो की झेरॉक्स.

फळ्याची दुसरी बाजू पण सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय. एका क्लासचं काम करत होतो, वरची पट्टी सिंक केलेली. मे महिन्यात जाहिरातीच्या मेलसाठी मी त्याच पट्टीत 'ॲडमिशन सुरू, मोजक्याच जागा' टाकलं, छान दिसत होतं, पाठवलं आणि मिसळ खायला गेलो. तीच पट्टी फी भरल्याच्या पावतीच्या मेलमध्ये पण होती! संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये पालकांचे फोन, 'अहो पैसे भरलेत आम्ही, आमचं ॲडमिशन झालंय ना नक्की?' तेव्हापासून माझा नियम, सिंकच्या ब्लॉकमध्ये फक्त वर्षभर न हलणारं ठेवायचं. लोगो, पत्ता, फोन, तुमचा खाद्यपदार्थांच्या परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, मेल बंद करायची अनसबस्क्राइबची लिंक. सणाची ऑफर आणि भाव त्यात नाहीच. भावाचं तर तुम्हाला माहितीच आहे, २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा ज्यांनी भाव फोटोत छापून ठेवले होते ते रात्रभर फोटोच बनवत बसले. पत्ता आणि फोन नंबर पण फोटोत नको, अक्षरात टाईप करा, म्हणजे नंबरवर बोट ठेवलं की कॉल लागतो.

एकाच मेलपुरता फूटर वेगळा हवा असेल तर आधी 'डिटॅच' करा, म्हणजे मूळ ब्लॉकपासून तोडा, आणि मग हात लावा. पण त्या मेलला इथून पुढचे बदल मिळणार नाहीत, कुठेतरी लिहून ठेवा.

अजून एक, मेल आटोपशीर ठेवा. मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालून कापतं, आणि सगळ्यात खाली तुमचा पत्ताच असतो.

प्रश्न : 'फूटर', 'फूटर नवीन', 'फूटर फायनल', 'फूटर फायनल २' असे चार ब्लॉक झालेत. तीन डिलीट करू का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : लगेच नको. सिंक असलेल्यातला एखादा कुठे वापरात असेल तर तिथे भोक पडेल, वर्डप्रेसमध्ये तर त्या जागी ब्लॉक डिलीट झालाय असा मेसेजच येतो. आधी तिन्हींच्या नावापुढे 'वापरू नका' जोडा, वापरलेत तिथून एकेक बदलून घ्या, महिनाभर थांबा, मग उडवा. आणि राहील त्याच्या नावात 'फायनल' ठेवू नका हो, 'फूटर दुकान मराठी' असं काहीतरी ठेवा.