मेगापिक्सेल मग बघू

प्रिय बाय,

मेल मिळाला, उत्तराला उशीर झाला कारण इथे फोंड्यात तीन दिवस पावसाने धुमाकूळ घातला आणि लाईटचा नुसता येजा चाललेला. तू विचारलंयस २० किलोमीटर उंचीवरून उडत आपल्या खाजनांचे फोटो काढणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यासाठी सेन्सर (उजेड टिपणारी चिप) किती मेगापिक्सेलचा करू. अगो, ते सगळ्यात शेवटी बघायचं!

आधी कागद घे. जमिनीवरचा २० सेंटीमीटरचा तुकडा एका पिक्सेलमध्ये हवा, पिक्सेल ५ मायक्रॉनचा, तर फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, अर्धा मीटर येते, साधं त्रैराशिक. आता ड्रोन सेकंदाला २५ मीटर सरकतो असं धर, म्हणजे अर्धा पिक्सेल सरकायला ४ मिलिसेकंद, तेवढ्यात जेवढा उजेड पकडशील तेवढाच तुझा. आणि एवढ्या उंचीवरून २० सेंटीमीटर म्हणजे फक्त १० मायक्रोरेडियन, पंख जरासा थरथरला तरी चित्र पुसट, मग पिक्सेल कितीही कोंबलेले असोत काय उपयोग. रोलिंग शटर तर नकोच, ते ओळीओळीने टिपतं, त्यात सरळ बांध नागमोडी दिसतो. ग्लोबल शटर सगळी फ्रेम एकदम टिपतं, त्याला नॉइज (चित्रातली खरखर) थोडा जास्त असतो, तो सोसायचा.

पिक्सेल लहान करायचा मोह होईल. पण पिक्सेल म्हणजे कळशी, लहान केली की कमी मावतं. उजेड पडला की पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन जमतात, ते १०,००० मावत असतील तर सिग्नल-नॉइज रेशो (खरं चित्र खरखरीच्या किती पट) फार तर १००, वर्गमुळाचा हिशोब आहे तो, त्यात वशिला चालत नाही. आपल्या खाजनांचंच (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचंच) बघ ना, मानशीजवळचं (पाणी आतबाहेर सोडायच्या दारांजवळचं) पाणी उन्हात डोळे दिपवतं आणि लगेच शेजारी खारफुटीची काळी सावली, दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं. रीड नॉइज (पिक्सेल वाचताना होणारी खरखर) ३ इलेक्ट्रॉन असेल तर त्या कळशीची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोख्या भागातलं पेलवणारं अंतर, ७० डेसिबलच्या आसपास, चमक बिलकूल सांडू नये म्हणून एक्सपोजर कमी केलंस की सावलीत नुसती खरखर उरते.

गरम होण्याचं मात्र मी स्वतः भोगलंय. वर उणे ५५ अंश असतं म्हणजे सेन्सर आपोआप गार राहील असं वाटलेलं, पण तिथे हवेची घनता खालच्या जेमतेम ७ टक्के, उष्णता वाहून नेणार कोण? लॅबच्या एसीत झकास चाललेला बोर्ड व्हॅक्यूम चेंबरमध्ये (हवा काढून घेतलेल्या पेटीत) तासाभरात पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही नुसत्या उष्णतेने जमणारे इलेक्ट्रॉन, साधारण दर ६-८ अंशांना दुप्पट होतो, तेव्हा तांब्याची पट्टी लावून उष्णता ड्रोनच्या बॉडीत उतरवायची सोय पहिल्या ड्रॉइंगातच कर, मागाहून जागा मिळत नाही.

नियर इन्फ्रारेडचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्याच्या पलीकडच्या उजेडाचा) बँड ठेवच, त्यात पाणी काळं आणि झाडं उजळ, काठ स्वच्छ कळतो. फक्त सेन्सरचं सिलिकॉन ११०० नॅनोमीटर तरंगलांबीकडे जाताना आंधळं होत जातं, त्यामुळे तो बँड ८५०च्या आसपास ठेव. (पावसाळ्यात ढगांखालचं काही दिसणार नाही, ते क्लायंटला आधीच सांगून टाक.)

चवथीला घरी येशील तेव्हा ४ मिलिसेकंदात एका पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन जमतात तो हिशोब घेऊन ये, खारफुटीच्या सावलीचा वेगळा. नेवऱ्या खाता खाता बघू.

तुझा काका