शंका-समाधान : कॅव्हिटीतले फोटॉन आणि हरवलेला फुगवटा

प्रश्न : जेन्स-कमिंग्ज मॉडेलवर (दोन पातळ्यांचा एक अणू आणि कॅव्हिटीत, म्हणजे आरशांमधल्या पोकळीत, कोंडलेले फोटॉन) पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. कॅव्हिटीत सरासरी ९ फोटॉन, अणू सुरुवातीला वरच्या पातळीवर, राबी वारंवारता (रिकाम्या कॅव्हिटीत अणू वर-खाली होण्याची वारंवारता) ५० किलोहर्ट्‌झ. अणू वरच्या पातळीवर सापडण्याच्या संभाव्यतेच्या २०० मायक्रोसेकंदांच्या आलेखात दोलनं विरतात, पण परत उठत नाहीत. शिवाय आलेख १ ऐवजी ०.७ पासून सुरू होतो. काय चुकतंय?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : चुका दोन आहेत आणि दोन्ही तुमच्या पत्रातूनच कळतात. सरासरी ९ च्या पॉइसाँ वितरणात (किती फोटॉन असण्याची किती शक्यता, हे ते सांगतं) ० ते १० फोटॉनांच्या संभाव्यतांची बेरीज ०.७०६ येते. म्हणजे तुमची बेरीज १० वरच थांबली आहे. ती ३० पर्यंत न्या. नुसतं ०.७ ने भागून आलेख १ वर आणू नका, गळलेले फोटॉन त्याने परत येत नाहीत.

दुसरी चूक २ पायची (२π). सूत्रातल्या कोसाइनमध्ये ५० किलोहर्ट्‌झला आधी २ पायने गुणायचं, मग फोटॉनसंख्येत १ मिळवून तिच्या वर्गमुळाने. हा २ पाय राहिला की फुगवटा, म्हणजे दोलनांचं परत उठणं, १२५ मायक्रोसेकंदांऐवजी ७९० च्या आसपास जातो, तुमच्या आलेखाच्या पार बाहेर. दुरुस्तीनंतर दोलनं १५-२० मायक्रोसेकंदांत विरतील, मग लांब सपाट पट्टा आणि १२५ जवळ पुन्हा हालचाल. तिची उंची पहिल्यापेक्षा कमी असेल, ते बरोबरच आहे. वेळेची पायरी अर्ध्या मायक्रोसेकंदाहून मोठी नको, कारण एक दोलन जेमतेम सहाचं असतं.

या फुगवट्यासाठीच हा प्रकल्प करायचा. दोलनं विरणं अभिजात (फोटॉन न मानणाऱ्या) क्षेत्रातही घडतं. तीव्रता थोडी कमी-जास्त असली की पुरे. ती परत उठतात ती फोटॉन सुटे, मोजून १, २, ३ असतात म्हणूनच. हे दाखवायला एक आलेख जास्तीचा काढा : बेरजेऐवजी सरासरी ९ आणि प्रमाण विचलन ३ असलेल्या सलग वितरणावर इंटिग्रल घ्या. विरणं तसंच राहील, फुगवटा जाईल.

प्रयोगाशी तुलना करताना मात्र जपून. पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ सर्ज हारोश यांच्या गटाच्या कॅव्हिटीत क्षेत्राची कंबर (मध्यावरच्या झोताची त्रिज्या) ६ मिलिमीटर आहे. सेकंदाला २५० मीटर वेगाच्या रुबिडियम अणूला तिथे परिणामकारक वेळ मिळतो ४२ मायक्रोसेकंद. तो १२५ गाठणार कसा? त्यांच्या १९९६ च्या प्रयोगात सरासरी फोटॉन दोनच्याही खाली होते. तेव्हा फुगवटा लवकर येतो.

प्रश्न : हेच खोलीच्या तापमानाला, तांब्याच्या डब्यात जमेल का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तिथल्या क्षेत्राच्या वारंवारतेला, म्हणजे ५१ गिगाहर्ट्‌झला ३०० केल्विनवर कॅव्हिटीच्या एका मोडमध्ये (क्षेत्राच्या एका कंपनप्रकारात) उष्णतेचेच सुमारे १२० फोटॉन असतात, ०.८ केल्विनवर ०.०५. शिवाय साध्या तांब्यात फोटॉन अणू बाहेर पडायच्या आधीच शोषला जातो. म्हणून आरशांवर अतिवाहक (थंडीत विद्युतरोध शून्य होणाऱ्या) नायोबियमचा थर देतात.