लोहडीला शेजारी काय न्यायचं?

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. खालच्या मजल्यावर पंजाबी कुटुंब आहे, त्यांच्याकडे नवीन सून आलीये म्हणून यंदा लोहडी जोरात आहे, आम्हालाही बोलवलंय. सरसों का साग करून न्यावं म्हटलं तर बाजारात मोहरीचा पाला कुठेच दिसेना. काय करू?

उत्तर : अगं, नव्या सुनेची पहिली लोहडी म्हणजे आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात ना, तेवढं कौतुक असतं, त्यामुळे घरचं काहीतरी न्यायचं तुझं अगदी बरोबर आहे. मोहरी नसली तरी साग अडत नाही. ते सागात बथुआ घालतात तो म्हणजे आपला चाकवत, भोगीच्या आसपास हमखास मिळतो. चाकवत, पालक आणि मुळ्याचा कोवळा पाला घे, मुळा मोहरीच्याच कुळातला, थोडा उग्रपणा त्यानेच येतो. मिक्सर नको, रवीने घोट, आपण पातळ भाजीला बेसन लावतो तसं मक्याचं पीठ लाव (ते त्याला आलण म्हणतात), वरून आलं-लसणाची फोडणी आणि लोण्याचा गोळा. मोहरीची चव हुबेहूब नाही येणार पण छान लागतं.

पण खरं सांगू, मी तुझ्या जागी असते तर रौ दी खीर नेली असती, म्हणजे उसाच्या रसातली तांदळाची खीर. ‘पोह रिद्धी, माघ खाधी’ असं पंजाबीत म्हणतात, पौषात शिजवायची आणि माघात खायची, म्हणजे 13 जानेवारीला लोहडीच्या रात्री करून दुसऱ्या दिवशी माघीला (म्हणजे आपल्या संक्रांतीला, त्यांचा माघ तेव्हाच लागतो) गार खातात, सोबत दही. रसवंतीवाल्याला आधीच सांग, लिंबू, आलं, बर्फ काहीच नको, आणि घरी आणला की लगेच उकळायला ठेव, रस आंबायला वेळ लागत नाही. उकळताना वर काळपट हिरवी मळी येते ती झाऱ्याने काढत राहायची, यात अजिबात कंटाळा करू नको, खिरीचा रंग आणि चव सगळी त्यावर आहे. मग 2 लिटर रसाला वाटीभर भिजवलेला तांदूळ, मंद आच, अधूनमधून ढवळणं. साखर नको, दूधही नको. पळीतून जाडसर धार पडली की गॅस बंद कर, गार झाल्यावर अजून आळते.

दुपारी करून ठेव, संध्याकाळी डबा देऊन ये, सकाळी त्यांना आयती होईल. शेकोटीत टाकायला तीळ, रेवड्या, शेंगदाणे, लाह्याही थोड्या ने. मक्के दी रोटी मात्र नेऊ नको, गार झाली की कडक होते, तिथेच तव्यावरची गरम खा.