ब्रेक कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे ब्रेकचे भाग) घरी पूर्ण उघडून रंगवावेत, की गाडीवरच झाकून वरून रंग मारावा?

उघडा. पिस्टन (पॅड पुढे ढकलणारा दट्ट्या) बाहेर, सील (त्याच्याभोवतीचं रबरी कडं) बाहेर, पिना बाहेर, सगळं सुटं करा आणि मगच रंगाचा डबा हातात घ्या.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या कॅलिपरवर गंजाचे पापुद्रे सुटायला लागलेत, तुम्हाला ते साफ करून रंगवायचेत, आणि एका जाणकाराने सांगितलं की ब्रेकला घरी हात लावू नका, फार तर वरून फवारा मारा नाहीतर गॅरेजला द्या. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी माझ्या भावोजींच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की ते मला पाठ झालंय.

माझ्या गाडीचे पुढचे कॅलिपर असेच गंजले होते. मी घरी करणार होतो, पण भावोजी म्हणाले इंजिन ऑइल बदल, फिल्टर बदल, काय हवं ते कर, पण ब्रेक रोज करणाऱ्याच्याच हातात द्यायचे. त्यांच्या ओळखीचं गॅरेज होतं, तिथे दिली. गाडी तयार झाली तेव्हा कॅलिपर दिसायला सुरेख, लालभडक पावडर कोटिंग, एक ठिपका राहिलेला नाही. आत बसलो, पेडल दाबलं, तर पहिल्या दाबाला निम्म्याच्या खाली गेलं, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन कडक लागलं. ज्याने कधी ब्रेकची एअर, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढलीय त्याला हे लक्षण समजावून सांगायला नको. गॅरेजवाले म्हणाले एअर काढून झालीय, दोनदा काढली, तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा पंप) गेलाय, तो बदलावा लागेल. गाडी तिथे गेली तेव्हा पेडल दगडासारखं होतं. रंगाला दिलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर आपोआप कसा जाईल?

मी खाली वाकून चाकाच्या आतून बघितलं तर ब्लीडर निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, कॅलिपरच्या खालच्या अंगाला. झालं होतं काय, तर कोटिंगहून आल्यावर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बऱ्याच गाड्यांत फ्लोटिंग कॅलिपर (पिनांवर सरकणारा) दोन्ही बाजूंना तंतोतंत बसतो, ब्रॅकेटची (कॅलिपर आणि पॅड धरणाऱ्या चौकटीची) भोकंही जुळतात, त्यामुळे बसवणाऱ्याला काही चुकतंय असं जाणवतच नाही. पण निप्पल वरच्या बाजूला असतं त्याला कारण आहे, हवेचा बुडबुडा वर चढतो आणि सिलिंडरच्या माथ्याशी जाऊन बसतो. निप्पल खाली आलं की तुम्ही कितीही ऑइल काढा, खालून ऑइल वाहत राहणार आणि हवा वर तशीच राहणार. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, पेडलची चाल तिथे खर्च होते. हे मी त्यांना तिथेच दाखवलं. उत्तर मिळालं, "साहेब, या गाडीला निप्पल खालीच येतं." आणि भावोजी माझ्यावरच, "अरे तो रोज हेच करतो, तू त्याला शिकवणार का?"

मी गाडी टो करून घरी आणली. त्यावरूनही भावोजी चिडले, त्यांच्या शब्दाचा मान राखला नाही म्हणून. पण त्या पेडलवर गाडी रस्त्यावर घ्यायची नव्हती म्हणजे नव्हती.

घरी आणून नुसती अदलाबदल करून एअर काढली असती तरी पेडल आलं असतं. पण निप्पलचं असं असेल तर आत काय असेल म्हणून दोन्ही कॅलिपर पूर्ण उघडले, आणि बरं झालं उघडले. पिस्टनचं चौकोनी सील जुनंच परत टाकलेलं. सीलच्या खाचेत ब्लास्टिंगची (वाळूचा फवारा मारून गंज काढण्याची) बारीक वाळू. स्लाइड पिनांना साधं चासिसचं ग्रीस चोपडलेलं, त्यामुळे एका पिनेवरची रबरी बाही फुगायला लागली होती आणि पिन हाताने सरकेना. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे सरकतात त्या जागेवरही कोटिंग, म्हणजे पॅड ठोकून बसवलेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रॅकेट ज्या तोंडावर नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) बोल्टने आवळला जातो त्या तोंडावरसुद्धा पावडरचा जाड थर. तो थर उष्णतेने आणि दाबाने बसत जातो, बोल्टचा ताण कमी होतो, आणि ब्रॅकेटचा बोल्ट सैल होणं म्हणजे काय हे मी इथे लिहीत नाही. बाहेरून मात्र सगळं झगझगीत.

म्हणून "वरून रंग मारा" हा सल्ला मला पटत नाही. कॅलिपर खराब होतो तो आतून. पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग नसते, ते काम सील करतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याला चिकटून किंचित वाकतं, पाय काढला की सील सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. तेवढ्यावर तुमचं चाक मोकळं फिरत असतं. सीलच्या खाचेत गंज साठला, किंवा ॲल्युमिनियमच्या कॅलिपरला ती पांढरी भुकटी धरली, की सील मागून दाबलं जातं, पिस्टनला आवळून धरतं, पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते. बाहेरचे पापुद्रे हा नुसता निरोप आहे, खाच साफ केल्याशिवाय ब्रशला हात लावून उपयोग नाही.

आता तुमच्याकडे. जॅक, स्टँड, चाकाला अडण हे मी सांगत नाही.

कॅलिपर गाडीवरून काढायच्या आधी, तो अजून घट्ट बसलेला असतानाच, निप्पल आणि होजचा बँजो बोल्ट (ऑइलची नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) हलका मोकळा करून परत लावून ठेवा. टेबलावर सुटा कॅलिपर धरून निप्पल फिरवत बसलं की ते तुटू शकतं. सहा कोनांचीच गोटी वापरा, बारा कोनांची घसरते. गंजलेलं निप्पल आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, तरीही हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवायचं.

पिस्टन काढायला लोक कॉम्प्रेसर घेतात. घेऊ नका, निदान आधी नको. होज जोडलेली असतानाच कॅलिपर डिस्कवरून काढा, तारेने टांगा (होजवर लोंबकळत ठेवायचा नाही), समोर पातळ लाकूड धरून ठेवा आणि पेडल हळूहळू दाबत पिस्टन जवळपास पूर्ण बाहेर आणा. हवेचं गणित बघा, पिस्टन ५४ मिलिमीटरचा असेल आणि कॉम्प्रेसर ७ बारला असेल तर पिस्टनमागे साधारण १६० किलोचा जोर येतो. अडकलेला पिस्टन सुटतो तेव्हा बोटं मध्ये असली तर बोटं जातात. हवाच वापरावी लागली तर दाब अगदी कमी, मध्ये लाकडाचा ठोकळा, त्यावर चिंध्या आणि हात पूर्ण बाजूला.

होज काढल्यावर ऑइल गळत राहतं, त्याला सोपा उपाय म्हणजे पेडल थोडं खाली दाबून काठीने अडकवून ठेवायचं. मास्टर सिलिंडरमधलं भोक बंद होतं आणि टाकी रिकामी होत नाही. मग ब्रेकच्या दिव्यामुळे बॅटरी उतरू नये म्हणून तिची तार काढून ठेवा.

सील काढायला स्क्रू ड्रायव्हर नको, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची काडी घ्या, खाचेच्या कडेला ओरखडा पडला तर तिथून गळती. पिस्टनला नखाने तपासा. या रचनेत सील बोअरच्या (पिस्टन बसतो त्या पोकळीच्या) खाचेत स्थिर असतं आणि पिस्टन त्यातून सरकतो, म्हणजे खरा गुळगुळीतपणा लागतो तो पिस्टनला. पिस्टनचं क्रोम उडालं असेल किंवा सील चालतं त्या पट्ट्यात खड्डे असतील तर तो घासून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. बोअरच्या भिंतीवरचे बारीक डाग चालतात, खाचेतले नाही.

रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काही लागता कामा नये. ही रबरं ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात, खनिज तेल लागलं की फुगतात. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकचंच लाल रबर ग्रीस, पिनांना सिलिकॉन ग्रीस. दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी बऱ्याचदा एकीवर रबरी बाही असते, कुठली वरची कुठली खालची याचा फोटो काढून ठेवा. आणि कॅलिपर काढल्या काढल्या त्यावर डावा-उजवा अशी पंचने खूण करा. मार्करने नको, मार्कर क्लीनरने पुसला जातो. माझ्या गाडीला ही एक खूण केली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं होतं. उष्णता सोसणारा कॅलिपरचाच रंग, पातळ थर, ब्रशने मारला तरी चालतो. पावडर कोटिंग जास्त टिकतं पण ते साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात, तेव्हा आत एकही रबर असता कामा नये. बोअर, सीलची खाच, धुळीच्या बुटाची (पिस्टनवरच्या रबरी टोपणाची) जागा, पिनांची भोकं, पॅडचे कान सरकतात ती जागा, बँजोचं तोंड, निप्पलचं तोंड आणि ब्रॅकेटचं बसायचं तोंड या सगळ्यांवर रंग नको. ब्लास्टिंग करायचं असेल तर भोकं बुचाने बंद करून, आणि झाल्यावर प्रत्येक भोकातून हवा मारायची, मग अल्कोहोल, मग परत हवा. रंग वाळल्यावर ब्रेक ऑइल त्यावर सांडू नका, ग्लायकॉल बहुतेक रंग सोलून काढतं. रंग कोणता हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात माझं काही मत नाही.

जोडताना बँजोचे तांब्याचे वॉशर नवेच, दोन्ही. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा तसा बसत नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून, इथे कुणी सांगितलेले घेऊ नका, माझेही नाही. ब्रेक ऑइल बंद डब्यातलं ताजं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं असलं की मर्यादा १५५ वर येते, त्यामुळे कपाटातला अर्धा उघडा डबा कितीही स्वच्छ दिसला तरी ओतायचा नाही.

आता भावोजींचं. माझे कॅलिपर नीट बसल्यावर, निप्पल वर आल्यावर, पेडल पहिल्याच दाबाला कडक लागायला लागलं, मास्टर सिलिंडर तोच जुना. मी त्यांना गाडीत बसवून पेडल दाबायला लावलं. दाबून म्हणाले, "नशीब चांगलं तुझं." अजूनही कुणी घरी गाडीचं काम करतो म्हटलं की ते माझं उदाहरण देतात, जपून राहा, सगळ्यांचं नशीब याच्यासारखं नसतं म्हणून. यात नशीब कुठे आलं? मी खाच साफ केली, सील बदललं, तोंडावरचा थर खरवडला. गॅरेजवाल्याकडे माझ्यापेक्षा चांगली हत्यारं होती, माझ्यापेक्षा जास्त अनुभव होता, नव्हता तो वेळ, आणि त्याने हे नुसतं रंगाचं काम आहे असं समजून हाती घेतलं. घरी करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची नसते, एक पिन सरकत नसेल तर तो उद्यापर्यंत थांबू शकतो. भावोजी हे मान्य करणार नाहीत, पण तुमच्या त्या जाणकाराला विचारा की तो गॅरेजला दिल्यावर सील नवं टाकलं का हे कधी बघतो का.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचं सगळं पुढच्या, एका पिस्टनच्या फ्लोटिंग कॅलिपरसाठी आहे. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन आट्यांवर फिरतो, पेडलने किंवा हवेने ढकलायचा नाही, आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय हात लावू नका. दोन अर्धी एकत्र बोल्ट केलेला फिक्स्ड कॅलिपर असेल तर ती दोन अर्धी वेगळी करू नका, कंपनीने तशी पद्धत दिली असेल तरच. टाकी पूर्ण रिकामी झाली आणि एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरनेच निघते, घरी पेडल मारून निघत नाही, तेव्हा गॅरेजला जा, त्यात कमीपणा नाही. आणि एअर काढायचं काम तुम्ही आजवर कधीच केलं नसेल तर पहिल्यांदा ज्याने केलंय त्याला शेजारी उभं करून करा.

सगळं झाल्यावर इंजिन चालू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारा, नाहीतर पिस्टन मागे असताना पहिला ब्रेक लागतच नाही. मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा, दुसऱ्या कुणाला बँजो आणि निप्पलपाशी कोरडा कागद लावून बघायला सांगा. पहिली चक्कर मोकळ्या जागेत, हळू. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, एकीकडे जास्त धग असेल तर त्या बाजूच्या पिना पुन्हा काढा.