चौकटीत जागा हवी

प्रिय मित्रा,

तुझे पत्र परवा मिळाले आणि तेव्हापासून उत्तराची जुळवाजुळव मनात चालू आहे. मियामीजवळच्या कालव्याकाठी तू कॅमेऱ्यात टिपलेला नर इग्वाना, म्हणजे तो मोठा सरडा, पाहून कुणीतरी तुला सुनावले की, जो प्राणी फ्लोरिडाचा नाही आणि इथल्या जीवांच्या मुळावर उठला आहे, त्याला इतका देखणा दाखवणे गैर आहे. त्यामुळे हे काम करावे की नाही, अशा संभ्रमात तू सापडला आहेस. काम सोडू नकोस, हे तुला सांगण्याची गरज नाही. त्या छायाचित्राबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती देखणेपणाची नाही. त्यात जागा नाही, म्हणजे तो प्राणी कुठे आहे हे दिसत नाही.

विणीच्या हंगामात नारिंगी झालेली त्याची कातडी, गळ्याखाली लोंबणारा पडदा, जबड्यामागचे ते मोठे गोल खवले, सारे लख्ख आले आहे. मागे मात्र नुसता हिरवा धूसरपणा आहे. हाच प्राणी त्याच्या मूळ मुलखात, मध्य अमेरिकेतल्या एखाद्या नदीकाठी टिपला असता, तरी चित्र असेच आले असते. १९६०च्या दशकापासून दक्षिण फ्लोरिडात नोंदला जाणारा हा इग्वाना कालव्याच्या बांधात बिळे खोदतो आणि त्या बिळांनी काठ खचतात. तो काठ तुझ्यासमोर होता आणि तू तो धूसर करून टाकलास. देशी प्राण्याच्या चित्रात पाहणारा माणूस परिसर स्वतःच्या मनाने भरून घेतो. परक्या प्राण्याच्या बाबतीत तो कुठे उभा आहे, हीच मूळ बातमी असते.

हे मी अधिकाराने सांगतो आहे, कारण मीही बरीच वर्षे हाच दोष केला. माझ्याकडे तेगूंची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून फ्लोरिडात आलेल्या मोठ्या सरड्यांची, शेकडो चित्रे आहेत, काळ्या-पांढऱ्या खवल्यांचा मणी न् मणी मोजता येईल अशी. एकदा वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी मला विचारले की, यातला कोणता प्राणी कोणत्या बांधावर होता आणि जवळ कासवाचे बीळ होते का. मला एकाही चित्राबद्दल धड सांगता आले नाही. तारखांची नोंद नव्हती आणि कडा तर मी स्वतःच कापून टाकल्या होत्या. तेगू गोफर कासवांच्या बिळांत शिरतो, अंडी खातो, थंडीत जमिनीखाली पडून राहतो. यातले काहीच माझ्या चित्रांत नव्हते. उलट २०१३ साली एका घरट्यावर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने अ‍ॅलिगेटर या मगरीसारख्या प्राण्याची अंडी उचलून नेणारे तेगू टिपले. ती चित्रे तुझ्या-माझ्या कसोटीवर अगदी सामान्य ठरतील, पण त्यांत घरटे आहे. त्यामुळे ती पुरावा ठरली आणि माझी कपाटात राहिली.

म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेव, म्हणजे मागचा परिसरही स्पष्ट येईल. एफ ८, जमल्यास एफ ११. चारशे मिलिमीटरचे भिंग घरी ठेव असे मी म्हणत नाही, कारण प्राण्याला पाण्यात पळवून लावण्यापेक्षा लांबून टिपलेले केव्हाही बरे. पण त्याच भिंगाने चार पावले मागे जाऊन काठ, भिंत, बिळाचे तोंड चौकटीत घे. सकाळी अंग शेकत असताना इग्वाना बराच वेळ हलत नाही. तेव्हा तिरके चालत जा, खाली बस, आणि तुझी सावली त्याच्यावर पडू देऊ नकोस. त्याच्या टाळूवर प्रकाश-सावली ओळखणारा तिसरा डोळा असतो आणि वरून आलेली सावली त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याची असते. फ्लोरिडातल्याच केप कोरलला नाईल मॉनिटर पाहायला जाशील, तेव्हा तर हे अधिकच पाळ. आपल्या घोरपडीचा हा आफ्रिकी भाऊबंद १९९०च्या सुमारापासून तिथे आहे आणि त्याच गावात जमिनीत बिळे करून राहणाऱ्या घुबडांची मोठी वस्ती आहे. मोकळ्या भूखंडावरचे घुबडाचे बीळ आणि मॉनिटर एकाच चौकटीत येत असतील, तर मॉनिटरचा डोळा थोडा कमी धारदार आला तरी चालेल. पुन्हा सांगतो, चालेल.

एका संपादकाने माझी अशी रुंद चित्रे परत पाठवली होती. प्राणी लहान दिसतो, असे त्याचे म्हणणे होते. मी ती कापून दिली नाहीत आणि पुढे ते काम मला मिळाले नाही. लोक याला हट्ट म्हणाले. असेल हट्ट, पण प्राणी लहान दिसत होता, कारण कालवा खरोखरच मोठा होता, आणि माझे चुकले असे मला आजही वाटत नाही.

चुकले ते दुसरीकडे. थंडीच्या लाटेत इग्वाना बधिर होऊन झाडांवरून पडतात. जानेवारी २०२०मध्ये मियामीच्या हवामान कार्यालयाने तसा इशाराही दिला होता. अशाच एका पहाटे पडलेला इग्वाना मी उचलला आणि प्रकाश चांगला होता म्हणून कठड्यावर मांडला. ते चित्र लोकांना आवडले. मला ते आता पाहवत नाही, कारण तो जिथे पडला होता ती जागा मी पुसली आणि स्वतः एक जागा रचली. असा प्राणी ऊन लागताच शुद्धीवर येतो आणि चावतो, शेपटी मारतो. शिवाय २०२१पासून इग्वाना आणि तेगू फ्लोरिडा राज्याच्या प्रतिबंधित यादीत आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय त्यांना बाळगणे बेकायदा आहे. पण मी तुला रोखतो आहे ते या भीतीपोटी नव्हे. जिथे पडला आहे, तिथेच टिप. आमिष ठेवू नकोस, फांदी बाजूला करू नकोस.

आणि तुला सुनावणाऱ्याला उत्तर द्यायचेच असेल, तर त्याच नराचे न कापलेले मूळ चित्र दाखव. ते तुझ्याकडे आहे ना? मलाही पाठव, तारखेसह. उजव्या कडेला काँक्रीटची भिंत सुरू होत असावी असे मला वाटते, आणि तिच्या पायाशी बीळ आहे का, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
एक जुना छायाचित्रकार