टक्के मोजणारे वेगळे, उत्पन्न बघणारे वेगळे

प्रिय मुला,

गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी लेटरहेडवर ‘अपंगत्व आहे’ असं लिहून दिलंय, म्हणजे काम झालं असं तुला वाटतंय. कागद जपून ठेव, फाइलला लागेल. पण नुसत्या त्याच्यावर सवलत मिळत नाही. चालतं ते सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. दोन्हींसाठी एकच अर्ज, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल, ते त्याच्या मेहनतीचे. ‘अपंगत्वाचे टक्के वाढवून देतो’ म्हणणारा भेटला तर मात्र काढता पाय घे.

अर्जाआधी आधारवरचा पत्ता बघ. तू राहतोस घणसोलीत आणि आधार अजून खारघरचं. लोकांच्या लेखी दोन्हीकडे नवी मुंबईच. सरकारी कागदावर घणसोली ठाणे जिल्ह्यात येते आणि खारघर रायगडमध्ये, पनवेल तालुक्यात. जिल्हा बदलला की रुग्णालय, तहसील, महापालिका सगळंच बदलतं. तेव्हा पत्ता आधी बदलून घे. नावाचंही तेच. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरंच असेल तर फाइल फिरत राहते.

मंडळाकडे जाताना जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद तारखेप्रमाणे लावून ने. अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्याला गोनिओमीटर लावतील, म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा लांब हातांचा भाऊच. पाय किती अंशांपर्यंत वाकतो ते त्यावर वाचतात, मग मांडीचा जोर बघतात. इथे दोन तऱ्हेची मुलं घोटाळा करतात. एक नाटक करणारी, ती डॉक्टरांना लगेच कळतात. दुसरी तुझ्यासारखी. चारचौघांत कमीपणा नको म्हणून दात-ओठ खाऊन पाय वाकवायचा आणि ‘काही नाही सर, जमतं सगळं’ म्हणायचं. असं करू नकोस. रोज जिथे अडतं ते सांग: मांडी घालून बसता येत नाही, स्टेशनचा जिना उतरताना कठडा सोडता येत नाही, लोकलमध्ये उभं राहिलास की ठाण्याला पोहोचेपर्यंत पाय सुजतो. न विचारता सांग, कारण बाहेर रांग मोठी असते.

दुसरं ऑपरेशन बाकी आहे म्हटल्यावर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळू शकतं. त्यात नाराज होण्यासारखं काही नाही, फक्त मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणीला जायचं लक्षात ठेव. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. त्याखाली आलास तरी प्रमाणपत्र मिळतं, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. एक डोळा पूर्ण गेलेल्या आणि दुसरा धडधाकट असलेल्या माणसाला ३० टक्के धरतात. तो उंबरठ्याबाहेरच राहतो. मला हे कधीच पटलेलं नाही, पण नियम तसा आहे. टक्के चुकलेत असं खरंच वाटलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे.

आता तू विचारलेलं पेन्शन. मंडळ तुझा पाय मोजतं, संजय गांधी निराधार योजनेत तहसील तुझं घर मोजतं. तिथे ४० टक्के तर हवेतच, शिवाय दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. एवढ्यात नवी मुंबईत खोलीचं भाडंही भागत नाही, आणि बाबांची रिक्षा रोज रस्त्यावर आहे. तुझं त्यात बसणं मला कठीण दिसतं. खोटा उत्पन्नाचा दाखला काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, वसुली लागली तर ती तुझ्या नावावर येईल. ८० टक्क्यांवरच्यांसाठी केंद्राचं वेगळं पेन्शन आहे, तेही दारिद्र्यरेषेखालच्यांना. ते तुझ्यासाठी नाही.

पण पेन्शन नाही म्हणून कार्ड वाया गेलं असं समजू नकोस. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांमधलं उच्च शिक्षणाचं ५ टक्के आरक्षण या प्रमाणपत्रावरच मिळतं. तुझ्या वयाला मी सगळ्यात आधी तेच धरीन. एसटीत तिकिटावर ७५ टक्के सूट आहे. रेल्वेचं मात्र स्वतंत्र आहे. सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही असा सरकारी डॉक्टरांचा दाखला तिथे वेगळ्या नमुन्यात लागतो. नोकरीला लागलास आणि जुनी करप्रणाली घेतलीस, तर करपात्र उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट. महापालिकांनाही ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, तेव्हा पालिकेच्या समाजविकास विभागात चालू योजनांची चौकशी करून ये.

एक बँकेचं. सरकारी पैसे थेट खात्यात येतात, पण खाते क्रमांक बघून नाही, आधार बघून. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि अनुदानासाठी ते खातं आधारशी ‘सीड’ असणं, या दोन गोष्टी आहेत. अनुदान सीड असलेल्या खात्यातच पडतं, मग ते तू कधीकाळी उघडून विसरलेलं का असेना. बँकेत जाऊन नेमकं हेच विचार. काउंटरवर ‘लिंक आहे’ एवढंच सांगून परत पाठवतील, तर हलू नकोस.

पत्ता बदलल्याची पावती आली की मला पाठव, अर्जातला अपंगत्वाच्या प्रकाराचा रकाना फोनवर मिळून भरू.

तुझा,
काका