वाचकांचे प्रश्न : लहान सायकलपटूंच्या गिअरची मर्यादा

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून यंदा प्रथमच रस्त्यावरील सायकल शर्यतीत उतरत आहे. तिच्या गटासाठी पॅडलच्या एका पूर्ण फेरीत सायकलने ६.९३ मीटरपेक्षा जास्त अंतर कापता कामा नये, असा नियम आहे. मात्र मागच्या चाकावरच्या नको असलेल्या दातेरी चक्र्या बंद करून ठेवण्यास मुभा आहे. सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग (पॅडलजवळची मोठी चक्रे), मागे ११ ते २८ दात्यांची अकरा चक्र्यांची कॅसेट आणि २८ मिलिमीटरचे टायर आहेत. डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हालचाल रोखणारा स्क्रू आवळून भागेल, की सुटे भाग बदलावे लागतील? – एक पालक

उत्तर : आपल्या कॅसेटवर नुसता स्क्रू आवळून भागणार नाही. याचे कारण आधी हिशेबात पाहू. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचे आणि येणाऱ्या आकड्याला चाकाच्या परिघाने गुणायचे, की एका फेरीतले अंतर मिळते. २८ मिलिमीटरच्या टायरचा परीघ साधारण २.१३६ मीटर धरला, तर ५० ला १५ ची चक्री ७.१२ मीटर देते, म्हणजे ती बाद; १६ ची ६.६८ मीटर देते आणि नियमात बसते. अडचण अशी की ११-२८ च्या नेहमीच्या कॅसेटमध्ये १५ नंतर एकदम १७ येते. तिथे अंतर ६.२८ मीटरवर घसरते. मिनिटाला १०० फेऱ्यांच्या लयीत मर्यादेइतका गिअर ताशी सुमारे ४१.५ किलोमीटर वेग देतो, तर १७ ची चक्री ३७.७ च्या आसपासच थांबते. सपाट रस्त्यावर गट वेग घेईल तेव्हा मुलीला हा फरक जाणवेल. शिवाय पाच चक्र्या अडवण्याइतका तो स्क्रू सहसा आत जातही नाही.

म्हणून माझा सल्ला असा की चेनरिंग आहेत तशाच ठेवाव्यात आणि १४ ते २८ दात्यांची कॅसेट घ्यावी. तिच्यात १४, १५, १६ अशा एकेका दात्याने वाढणाऱ्या चक्र्या असतात, त्यामुळे फक्त पहिल्या दोन बंद कराव्या लागतात. जुन्या कॅसेटमधली १४ ची चक्री काढून ती टोकाला बसवण्याचा खटाटोप मात्र करू नये, कारण टोकाच्या चक्रीवर लॉकरिंग (कॅसेट घट्ट बसवणारी कडी) धरून ठेवणाऱ्या खाचा असतात आणि मधल्या चक्रीवर त्या नसतात.

४६ ची चेनरिंग आणि १४ ची चक्री ही जोडी अनेकजण सुचवतात. २५ मिलिमीटरच्या टायरवर ती ६.९२ मीटर भरते आणि जेमतेम उत्तीर्ण होते. आपल्या २८ च्या टायरवर तीच जोडी ७.०२ मीटर होऊन बाद ठरते. कागदावरचे तक्ते डोळे झाकून मानू नयेत, असे मी आग्रहाने सांगते ते यासाठीच.

जोडणी करताना बहुतेकांची चूक होते ती केबलपाशी. नुसता स्क्रू आवळला, तर हँडलवरचा गिअर बदलण्याचा लीव्हर आपला १४ आणि १५ च्या जागांवर जातच राहतो आणि केबल सैल लोंबते. मग चढ आल्यावर मुलगी हलक्या गिअरसाठी लीव्हर दाबते, दोन वेळा टकटक होते आणि चेन जागची हलत नाही. हे टाळण्यासाठी केबल सोडवून लीव्हर अगदी सैल टोकाला न्यावा, स्क्रूने डिरेलर १६ च्या बरोबर खाली आणावा आणि तिथेच केबल पुन्हा आवळावी. लीव्हरचे शेवटचे दोन टप्पे मोठ्या चक्रीकडे रिकामे राहतील. तिकडचा स्क्रू नीट लावलेला असला, की चेन आऱ्यांत पडण्याची भीती नाही.

यानंतर घरीच मोजणी करावी. टायरमध्ये शर्यतीइतकी हवा भरून चेन ५० आणि १६ वर ठेवावी, जमिनीवर ६.९३ मीटर अंतराने दोन रेघा माराव्यात, पहिल्या रेघेवर क्रँक (पॅडलचा दांडा) सरळ उभा करून सायकल हळूहळू मागे ढकलावी. क्रँकची एक फेरी पूर्ण होताना तो दुसऱ्या रेघेच्या अलीकडेच राहिला पाहिजे. आपल्या जोडणीत सुमारे २५ सेंटिमीटर मोकळीक उरते आणि ती राहू द्यावी. या वयात जड गिअर रेटण्यापेक्षा पाय भरभर फिरवण्याची सवय गुडघ्यांना सोसते आणि पुढे उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

आंतरराष्ट्रीय संघटनेने १७-१८ वर्षांच्या गटासाठीची ७.९३ मीटरची मर्यादा २०२३ पासून उठवली असली, तरी मुलीच्या गटाला तिच्या स्पर्धेचाच नियम लागू राहील. राखीव चाक सोबत नेणार असाल, तर त्यावरही हीच कॅसेट हवी. पंक्चर झाल्यावर घाईत ११ ची चक्री असलेले चाक बसवले गेले, तर अंतिम रेषेपाशी होणाऱ्या तपासणीत तिचा निकाल रद्द होऊ शकतो.